हलकी बंदूक

येरमाळ्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा अमेरिकेच्या साउथ डकोटा संस्थानात नोकरीस आहे. त्याजकडून आम्हांस एक पत्र आले. तिकडे शरद ऋतूत फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो, व त्याचे सोबती त्यास माळावर घेऊन जातात. दोन वर्षे त्याने उसन्या बंदुकीवर काम भागविले. आता स्वतःची घ्यावी असे त्याच्या मनात आहे. ती वजनाने हलकी असावी, व एक बार झाल्यावर दुसरे काडतूस आपोआप चढविणारी असावी, एवढे त्याने ठरविले आहे. अशा पुष्कळ बंदुकांतून कोणती निवडावी, हा त्याचा प्रश्न. आमच्या चुलत्यांची परवान्याची बारा बोअर बंदूक पुष्कळ वर्षे आमच्या घरी होती, हे त्यास आठवले असावे.

त्याच सायंकाळी त्याची आई आमच्या ओसरीवर येऊन बसली. मुलाने तिलाही फोनवर हे सांगितले होते. ती म्हणाली, “मास्तर, तिकडं कायदा मोकळा हाय म्हणतो. पर माझ्या सासऱ्याचा बाप दुसऱ्यानं मारलेली पाखरं गोळा करत हिंडला. आता ह्यो सोताच मारणार. ह्यात पाप हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

प्रथम आम्हांस वाटले की हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मुलाचा प्रश्न बाजाराचा, आईचा धर्माचा. एकाचे उत्तर दुकानदाराने द्यावे, दुसऱ्याचे उपदेशकाने. परंतु रात्री पत्राचे उत्तर लिहावयास बसलो तेव्हा मुलास उत्तर देता देता आईचाच प्रश्न वारंवार लेखणीखाली येऊ लागला. ते कसे, हे वाचकांपुढे मांडतो. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांची मुले आज दूरदेशी आहेत, व असे प्रश्न पुष्कळांच्या ओसरीवर येणार आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. खुद्द येरमाळ्यास बंदूक निवडण्याचा प्रश्न उरलेला नाही. बालाघाटाच्या या डोंगरांत, खाली येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत, तितर आहेत, लावे आहेत, मोर आहेत; पहाटे ज्वारीच्या बांधावरून तितराची हाक कानी येते. परंतु त्यांजवर बंदूक उचलण्याची आपल्या देशात कोणासही मुभा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रथम शिकारीस परवान्याची वाट ठेविली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. हे योग्यच झाले असे आम्ही समजतो. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि तरीही तो पक्षी आज तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. बंदुकांनी एकदा उणे केलेले मग नांगर, विजेच्या तारा आणि वस्ती यांनी भरून येऊ दिले नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या माळावर छऱ्यांची बंदूक घेऊन निघेल तर तो कायद्याचाही अपराधी होईल आणि आमचाही.

साउथ डकोटाची गोष्ट निराळी आहे. फेझंट तिकडचा मूळचा पक्षी नव्हे. चीनमधून आणून तो १८८०-९० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉनात सोडला गेला व तेथून इतर संस्थानांत पसरला. साउथ डकोटात त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम १९१९ साली झाला, आणि १९४३ साली त्यास त्या संस्थानाचा राज्यपक्षी केले. एका माणसाने एका दिवसात तीनच पक्षी मारावे, व तेही नर. मादीस मारावयाचे नाही. मारलेल्या पक्ष्यांची ने-आण करताना डोके, पाय अथवा पिसांसह पंख अंगास तसाच ठेवावा लागतो, म्हणजे तपासणाऱ्यास तो नर होता हे कळावे. एक नर अनेक माद्यांस पुरतो, म्हणून नर उणे झाले तरी पुढील वर्षीची पिले उणी होत नाहीत, असा त्या नियमाचा हिशोब आहे.

आता बंदुकीकडे वळू. डोंगर-माळावरील पक्ष्यांचा शिकारी दिवसभरात आठ-दहा मैल चालतो आणि बार करतो पाच-सहा. पक्षी गवतातून पायाशी अकस्मात उठतो व दोन-तीन पळांत टप्प्याबाहेर जातो. याकरिता हलकी बंदूक बरी: हात थकत नाही, ती चटकन खांद्यास लागते. साधारण स्वयंचलित बारा बोअर बंदुकीचे वजन सात ते साडेसात रत्तल भरते. हलक्या म्हणविणाऱ्या सहा-साडेसहा रत्तलांच्या असतात, व वीस बोअरच्या काही त्याहूनही कमी. जॉन ब्राउनिंग याने सिद्ध केलेली या जातीची पहिली यशस्वी बंदूक बेल्जममधील कारखान्यात १९०२ पासून होऊ लागली. ती पाच बारांची होती, आणि तिचे वजन आठ रत्तलांच्या घरात होते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत कारागिरांनी शिकाऱ्याच्या खांद्यावरून दीड-दोन रत्तल उतरविले.

पण वजन उतरविले म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. काडतूस तेच ठेवून बंदूक आठ रत्तलांची सहा रत्तल केली, तर खांद्यास बसणाऱ्या धक्क्याचा जोर एक तृतीयांशाने वाढतो. हा गणिताचा नियम आहे, कोणत्याही कारखान्यास तो चुकविता येत नाही. म्हणून जाणते लोक सांगत आले की चालणे फार व बार थोडे असतील तर हलकी घ्या; एका जागी उभे राहून शेकडो बार करावयाचे असतील तर जड घ्या. आमच्या चुलत्यांची बंदूक दोन नळ्यांची व जड होती. तीन बार केले की लहानपणी आमचा खांदा काळानिळा होत असे. चवथ्याची इच्छाच राहत नसे.

येथे स्वयंचलित यंत्राचे काम येते. ते दोन प्रकारचे असते. एका प्रकारात नळीतून छऱ्यांमागे धावणाऱ्या दारूच्या वायूचा थोडा अंश एका छिद्रातून घेऊन त्याच्या जोरावर दट्ट्या मागे सारतात. रिकामे काडतूस बाहेर पडते, भरलेले वर चढते. त्यात धक्क्याचा बराचसा झटका विभागला जातो व खांद्यास मऊ लागतो. मात्र यंत्र थोडे जड होते, आणि काजळी धरते म्हणून पुसावे लागते. दुसऱ्या प्रकारात, जो इटलीतील बेनेली यांच्या बंदुकांनी प्रसिद्ध झाला, बंदूक मागे सरत असता आतील लोखंडी बोल्ट जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दबते, व ती सुटताना तेच काम करते. हे यंत्र हलके व स्वच्छ, पण खांद्यास अधिक झोंबते. मुलाने पाठविलेल्या चित्रांत दोन्ही प्रकार होते. दोन्ही उत्तम मालाचे दिसले.

हे सारे आम्ही कागदावर उतरविले, आणि तेथेच थांबलो. हलकेपणा व स्वयंचलितपणा यांची सोयरीक आम्हांस चमत्कारिक वाटू लागली. हलकी बंदूक आपल्या स्वभावाने सांगते की फार चाल, थोडे बार कर. न ऐकशील तर खांदा दुखवीन. स्वयंचलित बंदूक सांगते की चाप ओढीत राहा, बाकीचे मी पाहते. दोघींस एकत्र केले की पहिलीचा उपदेश दुसरी पुसून टाकते. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा, छरे असे गजाने ठासावे लागत, तोवर थवा दुसऱ्या डोंगरावर गेलेला असे. मागून नळी मोडून काडतूस घालावयाची सोय झाली, मग दोन नळ्या आल्या, मग पाच बार. प्रत्येक पायरीवर माणसाची एक अडचण दूर झाली, आणि त्या अडचणीआड जो संयम घडत होता तोही गेला. आता संयम कोणी करावा? यंत्र तर करीत नाही. सरकारने थोडा केला: बदकांसारख्या देशांतर करणाऱ्या पक्ष्यांवर जाताना बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावावी, म्हणून तिच्या पोटात लाकडाचा दांडा घालण्याचा नियम अमेरिकेत १९३५ पासून आहे. म्हणजे कारखान्याने केलेली जागा दांड्याने पुन्हा बुजवावयाची!

जो संयम अडचणीमुळे घडतो त्यास संयम म्हणावे काय, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने पाखरू मारले नाही यात त्याची थोरवी कोणती? आमच्या बाईच्या सासऱ्याचे वडील निजामच्या राज्यात अंमलदार-जहागीरदारांच्या शिकारीत हाकारे घालीत, काट्यांतून पडलेली पाखरे वेचून आणीत, व संध्याकाळी त्यांच्या पदरात मूठभर धान्य पडे. बंदुकीस हात लावण्याची त्यांस सोय नव्हती. त्यांचा पणतू आज स्वतःच्या पैशाने बंदूक घेतो, यात आम्हांस वाईट वाटत नाही. उलट थोडा अभिमानच वाटला, हे कबूल करतो. त्याच्या पणजोबांचे निर्दोषपण दारिद्र्याचे होते, व ते परत यावे असे कोण म्हणेल?

परंतु अडचण नसताही संयम करणारे लोक आपल्याच मुलखात होते. फासेपारधी कळंब, भूम, वाशी, बार्शी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहेत. त्यांच्याजवळ बंदूक नसे. खुंट्यांस बांधलेले फासे जमिनीवर मांडीत, पिंजऱ्यातील पाळीव तितर बोलू लागला की त्याच्या हाकेवर रानातला तितर चालून येई व पाय गुंतवून बसे. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ व मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास करून लिहिले आहे की फासेपारधी, नंदीवाले व वैदू हे एकाच मुलखात हिंडत, परंतु प्रत्येकाची शिकार निराळी व साधन निराळे असे. आणि फाशात गाभण हरणी अथवा पाडस सापडले तर पारधी ते सोडून देत. वाचकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. हरणी हाती आलेली आहे, घरी लेकरे उपाशी आहेत, पाहणारा कोणी नाही, कायदा कोणाचा नाही. आणि माणूस गाठ सोडतो.

आणि याच लोकांस सरकारने जन्मतः चोर ठरविले. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत पारधीही आले. सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी गावाच्या तोंडी तो अजून आहे. त्याच काळात घोड्यावर बसून एका सकाळी पन्नास लावे पाडणारा गृहस्थ शिकारी म्हणविला जाई. आज कायदा दोघांसही सारखाच आहे, व तो असावा. पण एकाची करमणूक गेली आणि दुसऱ्याची भाकर गेली, हा फरक आपण विसरतो. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पारध्याच्या त्या कृत्यात आम्हांस मुलाच्या प्रश्नाची किल्ली सापडली. फाशात सापडलेला जीव जिवंत असतो. त्यास पाहता येते, नर की मादी हे ओळखता येते, पोट चाचपता येते, आणि मग ठरविता येते. फासा माणसास विचाराला वेळ देतो. छऱ्यांची बंदूक तो देत नाही. जो विचार करावयाचा तो चाप ओढण्याच्या आधी, दोन-तीन पळांत. फेझंटाचा नर रंगीत, मानेभोवती पांढरे कडे, मादी मातकट. पण सूर्य समोर असला की दोघांची सावलीच दिसते. अशा वेळी जी बंदूक डोळ्याने नर ओळखण्याच्या आत खांद्याला लागून सुटते, ती त्या माणसाला फार हलकी आहे, तिचे वजन काही का असेना. आणि जो माणूस तेवढा थांबू शकतो त्यास सहा रत्तलांचीही चालेल.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी जो नियम आहे तो आपल्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहे: वाटेत घरटे सापडले व आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली तर पिले घ्यावी, पण आईला जाऊ द्यावे. पुष्कळ वर्षे आम्ही हा नियम केवळ दयेचा म्हणून शिकविला. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एरवी रानातली पक्षीण हाती लागत नाही. ती हाती लागते ती पिलांवर बसलेली असताना, कारण तेव्हा ती उडत नाही. म्हणजे जेथे घेणे सर्वांत सोपे आहे, नेमका तेथेच नियमाने माणसाचा हात धरला आहे. मांस खाण्यास त्याने मनाई केली नाही. साउथ डकोटाचे नियम करणाऱ्यांनी हिशोबाने जे ठरविले, व पारध्याने चालीरीतीने जे पाळले, ते या नियमाचे शेजारीच आहेत.

दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर मुलगा म्हणेल की मास्तरांनी व्याख्यान दिले, बंदुकीचे सांगितले नाही. जड बंदूक म्हणजे पुण्यवान बंदूक नव्हे. सायंकाळी थकलेल्या हातातली जड बंदूक पक्ष्याच्या मागेच राहते, छऱ्यांचा घोस शेपटाकडे लागतो, आणि पक्षी मरत नाही, जखमी होतो. सहा नंबरच्या एक औंस छऱ्यांत सव्वादोनशेच्या सुमारास दाणे असतात. त्यांतला एखादाच पोटात घेऊन उडून जाणारा पक्षी दोन दिवसांनी कोठे तरी झुडुपात मरतो. अशा पक्ष्यावर झटकन दुसरा बार करता आला तर ती दयाच होय, व ते काम स्वयंचलित बंदूक चांगले करते. म्हणून दुसरा बार आम्ही दोषी धरीत नाही. पहिला चुकला तरी हरकत नाही, मागे आणखी आहेत, या भरवशावर केलेला पहिला बार दोषी धरतो.

जखमी पक्ष्याविषयी आम्ही ऐकीव बोलत नाही. दहा-अकरा वर्षांचे असताना गलोलीने आम्ही एक होला पाडला. ज्वारी राखावयास माळ्यावर बसलो होतो. कामाला गोफण होती, व गोफणीचा धोंडा पाखरे उडविण्यासाठी असतो, मारण्यासाठी नव्हे, हे घरी बजावलेले होते. गलोल हलकी, खिशात मावणारी. होला निवडुंगाच्या कुंपणात पडला व तेथे फडफडत राहिला. काटे फार होते. आम्ही काही वेळ शोधले, मग पणतीची वेळ झाली म्हणून घरी आलो. रात्री जेवताना आजीने विचारले, आज काय केलेस? आम्ही काही नाही म्हणालो.

सलीम अली यांची गोष्ट कित्येकांनी वाचली असेल. १९०८ च्या सुमारास मुंबईत बारा वर्षांच्या या मुलाने खेळातल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हाती घेतली तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही नेहमीची चिमणी नव्हे. ही खाण्यास धर्माने चालेल काय, असा त्याचा प्रश्न होता. मामांनी त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांजकडे धाडले. त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले, आणि तेथून पुढचे आयुष्य घडले. १९३१-३२ साली याच गृहस्थांनी निजामच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. नमुन्यांसाठी त्या काळचे पक्षिशास्त्रज्ञ बंदूकच वापरीत, हेही खरे. आम्हांस त्या गोष्टीत जे लागते ते एवढेच की मुलाने आधी मारले व मग ओळखले. हलक्या बंदुकीने बहुधा असाच क्रम घडतो. तो उलटा करण्यास त्यास शिकवावे लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंकडे गेलो. सांगितले की खाण्यासाठी, नियमाने, नर ओळखून मारलेल्या पक्ष्यात पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. मौजेखातर मोजणी वाढविण्यात आहे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “आन् जे पडतंय पर घावत न्हाई, त्याचं काय? त्यो हुडकतो का, हे इचारा.”

आमच्या साऱ्या पत्रात हा प्रश्न नव्हता. तिचा आजेसासरा आयुष्यभर जे करीत होता ते हेच, काट्यांत शिरून पडलेले शोधणे. बंदूक धरणारे पुढे जात. शोधणारा मागे राही.

तेव्हा पत्र पुन्हा लिहिले. बारा बोअर सोडून वीस बोअर घे. काडतूस लहान, म्हणून बंदूक हलकी असूनही धक्का सोसवेल. वायूवर चालणारी घे, सहा-साडेसहा रत्तलांपर्यंतची; त्याहून हलकीचा मोह नको, ती फिरविताना मध्येच थांबते. दुकानात डोळे मिटून खांद्यास लाव, मग उघड; नळी तुझ्या नजरेच्या रेषेत सरळ दिसली तर दस्ता तुझ्या अंगाचा, नाहीतर कापून घे किंवा दुसरी पाहा. शिशाऐवजी पोलादी छरे मिळतात ते वापर. गवतात सांडलेले शिसे दाणा समजून पाखरे टिपतात व विषाने मरतात. आत कितीही मावोत, दोनच भर. सूर्य समोर असता बार करू नकोस. पक्षी पडला की दुसऱ्याकडे न पाहता त्याच्याकडे चाल, जागेवर टोपी टाक, आणि सापडेपर्यंत नवे काडतूस भरू नकोस. एखाद्याजवळ चांगला कुत्रा असेल तर बंदुकीआधी त्याची मैत्री कर. आणि शेवटी आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, खाली तिचे नाव घातले.

उत्तर अजून आलेले नाही. तिकडचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. बाई दर आठवड्यास विचारून जातात.